पेपरला १९ दिवस, आणि सोयाबीनचं बिल उणे १५,१३६ रुपये



आपल्या चॅनलवर आपण उधारी वसुली, मुद्रा लोन, मालाची किंमत कशी काढायची असल्या विषयांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतलाय. कॉलेजच्या परीक्षेच्या तोंडावर सी लँग्वेज शिकण्याची धडपड. तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मसाल्याचा गृहउद्योग टाकायचाय, आम्हाला सी लँग्वेजचं काय घेणंदेणं? थोडं थांबा. यात सोयाबीन आहे, सळई आहे आणि उधारीची वहीसुद्धा आहे. शिवाय तुमच्यापैकी कितीतरी जण डिप्लोमा किंवा बीसीए करता करता धंद्याचा विचार करताय, आणि काहींची मुलं आत्ता या क्षणाला कुठल्या तरी होस्टेलच्या खोलीत हाच विषय घोकत बसलीत.

गोष्ट दिवाळीनंतरची आहे. जालन्यातल्या माझ्या ऑफिसात एक मुलगा आला. मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातला, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो आला होता धंद्याचं विचारायला. मंठ्याच्या छोट्या दुकानदारांना बिलिंगचा प्रोग्रॅम करून द्यायचा, महिन्याला थोडे पैसे घ्यायचे, अशी त्याची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. मी सहज विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" तर पोरगा गप्प. मग खाली बघत म्हणाला, "सर, सी राहिलाय. उन्हाळीला गेला. आता १९ दिवसांनी हिवाळीचा पेपर हाय. काहीच कळंना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिप्लोमाची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे आपलं एमएसबीटीई, घेतं. वर्षातून दोनदा, हिवाळी आणि उन्हाळी. कॉम्प्युटर डिप्लोमाला सी हा विषय दुसऱ्या सेमिस्टरला येतो. तो राहिला तर पुढच्या हंगामात पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. पण खरी पंचाईत वेगळीच असते. तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर येतं, आणि ते सीमध्येच शिकवतात. सोबत सी प्लस प्लस. म्हणजे पाया कच्चा आणि वर दोन मजले. वाळूज-चाकणच्या बऱ्याच कंपन्या कॅम्पसला आल्या की पहिला प्रश्न विचारतात, बॅकलॉग आहे का? असेल तर दारातच थांबवतात.

या पोराच्या घरी त्याहून सरळ हिशोब होता. वडील म्हणाले होते, यंदा निघालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीची फी भरणं होणार नाही, स्टीलच्या कारखान्यात कामाला लाग.

## पाठ केलेले ४० प्रोग्रॅम

मी सी शिकवणारा मास्तर नाही. उलट, माझ्या डिप्लोमाच्या काळात माझाही हा विषय एकदा राहिला होता, आणि दुसऱ्यांदा सुटला तेव्हाही मला सी येत होती असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा आमची पद्धत एकच. जर्नल. प्रॅक्टिकलची वही. मागच्या बॅचच्या पोराची वही मागायची, ४० प्रोग्रॅम उतरवायचे, सही घ्यायची, आणि परीक्षेआधी पाठ करायचे. मूळ संख्या, पॅलिंड्रोम, फॅक्टोरियल, फिबोनाची. रामरक्षा म्हणावी तसे म्हणायचो.

या पोराची वही पाहिली आणि मला माझीच वही आठवली. सुंदर अक्षर, लाल पेनाने चौकटी, आणि सगळं पाठ. मी म्हणालो, "वही मीट. दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम लिही." सगळ्यात सोपा. त्याने सुरुवात झोकात केली, आणि आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफच्या ओळीवर अडला. तिथे व्हेरिएबलच्या नावाआधी 'अँड'चं चिन्ह द्यावं लागतं. ते द्यायचं की नाही, हे त्याला आठवेना. मी म्हणालो, आठवू नको, सांग, ते कशासाठी असतं? तर म्हणाला, "तसंच असतं सर."

मित्रांनो, 'तसंच असतं' हे दोन शब्द जिथे येतात तिथे शिक्षण संपलेलं असतं. ते चिन्ह म्हणजे पत्ता. कॉम्प्युटरला तुम्ही सांगता, आलेला आकडा या पत्त्यावर नेऊन ठेव. पोस्टमनला पाकीट दिलं आणि पत्ताच दिला नाही, तर तो कुठे टाकणार? एवढं एकदा डोक्यात बसलं की ते चिन्ह पाठ करावं लागत नाही.

त्याला मी एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगतो, कारण ती ऐकून त्याचा चेहरा थोडा मोकळा झाला. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची नावाच्या माणसाने १९७२ च्या सुमारास ही भाषा तयार केली. १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये राखीव शब्द किती आहेत? फक्त ३२. आपल्या मराठीत एका स्वयंपाकघरातल्या भांड्यांची नावं मोजली तरी ३२ च्या वर जातील. म्हणजे शब्दांचा बोजा नाही. अडचण वाक्य जुळवण्याची आहे, आणि दुसऱ्याची वाक्यं पाठ करून कुणालाही स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही.

## खिशातली पट्टी

त्या दिवशी तो मोंढ्यातूनच आला होता. वडिलांसोबत सोयाबीन घालून. शर्टाच्या खिशात आडत्याची पट्टी होती. मी ती टेबलावर ठेवायला सांगितली. २५ कट्टे, एकूण वजन १,२७५ किलो, भाव क्विंटलला ४,२०० रुपये, रक्कम ५३,५५० रुपये, आणि खाली हमाली-तोलाई वजा.

"याचा प्रोग्रॅम लिही," मी म्हणालो. "वहीतला नको. हाच."

तो जरा दचकला, कारण असा प्रोग्रॅम जर्नलमध्ये नव्हता. पण हिशोब त्याला तोंडी येत होता. किलोला १०० ने भागायचं, भावाने गुणायचं. लहानपणापासून मोंढ्यात उभं राहून ऐकलेलं. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, मोबाइलमध्ये कंपायलरचं ॲप होतं. अर्ध्या तासाने चुका दुरुस्त करत करत प्रोग्रॅम चालला. पोरगा खूश. स्क्रीनवर उत्तर आलं: ५०,४००.

मी म्हणालो, "पट्टीवर किती आहे?"

पट्टीवर ५३,५५०. फरक ३,१५० रुपयांचा. प्रोग्रॅम चालला होता, कुठेही लाल अक्षर नव्हतं, एररही नव्हता. तरी त्याने शेतकऱ्याचे ३,१५० रुपये गिळले होते.

हे कसं झालं? त्याने किलो आणि भाव दोन्ही 'इंट' म्हणून घेतले होते, म्हणजे पूर्णांक. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, दशांशानंतरचं सगळं फेकून दिलं जातं. १,२७५ भागिले १०० म्हणजे आपल्याला १२.७५. सीला मात्र १२. वरचे ७५ किलो हवेत. दीडेक कट्टा सोयाबीन मोंढ्यातून गायब, आणि चोर कोण तर एक शब्द!

आता गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी त्याने हाच प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये टाइप केला. तिथे जुनं टर्बो सी होतं, निळ्या पडद्याचं, आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर शिकल्या ते. तिथे उत्तर आलं: उणे १५,१३६. त्याने मला लॅबबाहेरून फोन केला. "सर, इथं तर शेतकऱ्यालाच पैसे द्यावे लागायलेत!"

मला खूप हसू आलं, पण उत्तर मलाही शोधावं लागलं. टर्बो सीमध्ये 'इंट'ला १६ बिट जागा मिळते. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ५०,४०० त्यात मावत नाहीत. मग आकडा गोल फिरतो, गाडीचं जुनं मीटर शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा फिरून सुरू व्हायचं तसा, फक्त इथे फिरून तो उणेच्या बाजूला जातो. ५०,४०० मधून ६५,५३६ वजा करा, बरोबर उणे १५,१३६ येतात. मोबाइलमधल्या कंपायलरमध्ये 'इंट'ला ३२ बिट असतात, म्हणून तिथे ही भानगड झाली नाही.

एकच प्रोग्रॅम, एकच पट्टी, आणि तीन उत्तरं: मोबाइलचं, लॅबचं आणि आडत्याचं. त्यात खरं कोणाचं, तर चौथी पास मुनीमाचं.

उपाय सोपा. वजन आणि भाव 'फ्लोट' घ्यायचे, म्हणजे दशांशाचा आकडा, आणि वाचताना-छापताना टक्केवारीच्या चिन्हापुढे डी च्या जागी एफ लिहायचा. एके ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे विसरलं तर पुन्हा भलताच आकडा येतो. तेही त्याने करून पाहिलं, चुकून. शेवटी ५३,५५० आले. पोरगा म्हणाला, "इंट आणि फ्लोटमधला फरक मी तीन वेळा पाठ केला होता सर. दोन मार्काचा प्रश्न असतो. हे असं असतं हे माहीतच नव्हतं."

## चुकांचं इंग्रजी

आपल्या भागातल्या पोरांची एक अडचण शहरातल्या मास्तरांना दिसत नाही. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची किंवा संस्थेची मराठी शाळा, आणि मग एकदम पडद्यावर इंग्रजीत शिवीगाळ. हो, पोरांना ती शिवीगाळच वाटते. लाल ओळ आली की पोरगं सगळा प्रोग्रॅम पुसून पुन्हा वहीतून उतरवतं. चूक काय होती ते कधीच कळत नाही.

आम्ही एक काम केलं. एका कोऱ्या वहीत, पानाच्या डाव्या बाजूला येणारा एरर जसाच्या तसा, आणि उजव्या बाजूला मराठीत त्याचा अर्थ. 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणजे अर्धविराम राहिला, आणि तो बहुतेक वेळा दाखवलेल्या ओळीच्या वरच्या ओळीत राहिलेला असतो. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणजे ज्याचं नाव घेतोयस तो माणूस गावात राहतच नाही: एक तर व्हेरिएबल आधी सांगितलं नाही किंवा स्पेलिंग चुकलं. 'एलव्हॅल्यू रिक्वायर्ड' म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे भलतंच काहीतरी बसवलंय. १९ दिवसांत त्या वहीची जेमतेम ६ पानं भरली. तेच तेच एरर फिरून फिरून येतात, हे त्याला तेव्हा कळलं. ती ६ पानं त्या ४० प्रोग्रॅमच्या जर्नलपेक्षा मोलाची, असं माझं मत.

जी चूक कॉम्प्युटर दाखवत नाही ती मात्र जास्त घातक. एक उदाहरण दुकानदारांसाठी. समजा प्रोग्रॅममध्ये लिहायचंय, 'गिऱ्हाइकाची उधारी शून्य असेल तर खातं बंद दाखव'. सीमध्ये 'शून्य आहे का' असं विचारायला बरोबरचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं. एकदाच दिलं तर तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो: उधारी शून्य कर. म्हणजे प्रोग्रॅम एकेका गिऱ्हाइकापाशी जाणार आणि निमूटपणे त्याची उधारी पुसणार. मी आमच्या बॅचमध्ये हे सांगितलं तेव्हा भोकरदनच्या एका किराणा दुकानदाराने विचारलं, "सर, माझी ज्यांच्याकडे उधारी आहे त्यांच्या दुकानात बसवता येईल का हा प्रोग्रॅम?"

असो.

## कागदावर चालवायचा प्रोग्रॅम

आता परीक्षेची खरी गोम. थिअरीच्या पेपरला कॉम्प्युटर नसतो. ३ तास, ७० मार्क, पेन आणि कागद. आजकाल पोरं एआयला विचारतात, ते सेकंदात बिनचूक प्रोग्रॅम लिहून देतं, आणि पोरांना वाटतं आपल्याला आलं. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बाहेरच्या पिशवीत असतो. तिथे कंपायलर तुमच्या डोक्यात लागतो.

तो डोक्यात कसा बसवायचा? याला ड्राय रन म्हणतात, आणि आपल्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट नवीन नाही. रोजमेळ लिहितात तसं. कागदावर रकाने आखा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना. मग प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचा आणि ज्याची किंमत बदलली त्याच्या रकान्यात नवा आकडा लिहा. पुढची ओळ. पुन्हा.

कट्ट्यांचंच घ्या. २५ कट्टे वेगवेगळ्या वजनाचे असतात, तर फॉर लूप लावून एकेकाचं वजन घ्यायचं आणि 'एकूण'मध्ये मिळवत जायचं. पहिला कट्टा ४८ किलो, एकूण ४८. दुसरा ५२, एकूण १००. तिसरा ५०, एकूण १५०. हे तीन ओळींचं कोष्टक काढताना त्याच्या लक्षात आलं की पहिल्या कट्ट्याच्या आधी 'एकूण'च्या रकान्यात काय होतं? त्याने तिथे काहीच लिहिलं नव्हतं. आपण म्हणतो, काही नाही म्हणजे शून्य. सीला ते मान्य नाही. फंक्शनमध्ये व्हेरिएबल तयार केलं आणि त्यात काही भरलं नाही, तर त्या जागी आधी जो कचरा पडलेला असेल तोच राहतो. काट्यावर आधीच्याचा माल तसाच असताना आपला कट्टा ठेवल्यासारखं. म्हणून लूपच्या आधी 'एकूण बरोबर शून्य'. हे त्याला कुणी सांगितलं नाही. रिकाम्या रकान्याने सांगितलं. त्यानंतर तो ही ओळ कधी विसरला नाही.

शिकायला कुठून? हा प्रश्न तुम्ही विचारणारच. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, फुकट आहे, त्यात सी आणि सी प्लस प्लसचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात मिळतात. त्यांची पद्धत मला आवडते: व्हिडिओ एका बाजूला, आपला कंपायलर दुसऱ्या बाजूला, थोडं बघा, थांबवा, तेच स्वतः करा, मग पुढे. नुसतं बघत बसलं तर तो सिनेमा. पुस्तक म्हणाल तर आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' देशभरातल्या कॉलेजांत पोचलेलं आहे. इंग्रजी सोपं आहे. आणि एमएसबीटीईच्या वेबसाइटवर मागच्या पेपरांची मॉडेल आन्सर मिळतात. ती जरूर बघा, पण उत्तर स्वतः लिहून झाल्यावर. आधी बघितलीत की पुन्हा तेच जर्नल.

'७ दिवसांत सी शिका' असले व्हिडिओ असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आमच्याही चॅनलवर '३० दिवसांत लाखाची कमाई' असं एक थंबनेल होतं. मी ते मागच्या महिन्यात काढलं. या पोरासोबत बसल्यापासून ते बघवत नव्हतं.

१९ दिवसांत सगळं झालं का? नाही. पॉइंटरला आम्ही जवळजवळ हात लावला नाही. व्याख्या, एक छोटा नमुना आणि 'पत्ता' म्हणजे काय, एवढंच. स्ट्रिंगची फंक्शन्स शेवटच्या दिवशी वरवर. आधी दिवसाला चार-पाच प्रोग्रॅम पाठ व्हायचे, आता दिवसाला एक होत होता, आणि आठव्या-नवव्या दिवशी तो घाबरला. "सर, बाकीचे पोरं लई पुढं गेलेत. माझं अॅरेवरच अडकलंय." त्या दिवशी मलाही वाटलं, आपण याचं नुकसान तर करत नाही ना? पाठांतरावर निदान एखादा तरी प्रश्न नशिबाने लागतो. वडिलांची अट मला माहीत होती. मी त्याला काहीच बोललो नाही. चहा पाजला आणि म्हणालो, अॅरेचं कोष्टक काढ. ५ कट्टे असले तर क्रमांक ० ते ४ येतात, १ ते ५ नाही, एवढं त्या दिवशी पदरात पडलं. दिवसभरात एवढंच.

## धंद्यातलं जर्नल

मी लघुउद्योगाचं प्रशिक्षण देतो, आणि जर्नल उतरवणारी माणसं मला रोज भेटतात. बदनापूरकडच्या एका ताईंनी शेवया-पापडाचा उद्योग सुरू केला. दुसऱ्या बचत गटाचा प्रोजेक्ट रिपोर्ट घेतला, नाव बदललं, बँकेत दिला. मॅनेजरने एकच प्रश्न विचारला: विजेचं बिल महिन्याला एवढंच कसं? ताईंकडे उत्तर नव्हतं, कारण तो आकडा ज्या गटाचा होता त्यांच्याकडे मशिनच नव्हती, त्या हाताने लाटायच्या. म्हणजे बघा, 'तसंच असतं'. मग आम्ही बसून त्यांच्या स्वतःच्या मशिनचे तास मोजले, मीटर वाचलं, आणि नवा रिपोर्ट केला. तो दोन पानी आहे. पण त्यातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं तरी ताई सांगतात तो कुठून आला.

जालन्याला हे शिकवायची खरं तर गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, त्याच्याही आधी ते भेंडीचं बियाणं आपल्या शेतात लावून बघत होते. पुढे १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. ती मोठी गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातलं सुरुवातीचं 'लावून बघणं' जास्त महत्त्वाचं वाटतं. एका वाफ्यात चुकलं तर एका वाफ्याचं नुकसान. तोच प्रकार प्रोग्रॅमचा: तीन कट्ट्यांवर चालवून बघ, मग २५ वर.

## पेपर

पेपरच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला नाही. संध्याकाळीही नाही. मी समजलो ते समजलो. रात्री नऊला आला. पेपर संपल्यावर तो थेट गावाकडच्या एसटीत बसला होता आणि फोनची बॅटरी गेली होती. म्हणाला, एका प्रोग्रॅमची फिरवाफिरव केली होती, वहीतला नव्हता. आकड्यांची मालिका घेऊन त्यातले सम आकडे मोजायचे आणि त्यांची सरासरी काढायची. "सरासरी म्हणल्यावर मी थांबलो सर. बेरीज इंट, मोजणी इंट. म्हणलं, इथं ७५ किलो जाणार."

त्याने फ्लोट घेतला होता. पॉइंटरचा प्रश्न सोडून दिला, स्ट्रिंगचा अर्धा लिहिला. निकाल लागला तेव्हा ७० पैकी ३९. ज्यांना ६० पडतात त्यांना हे हसू येण्यासारखे मार्क आहेत. त्याच्या वडिलांनी जालन्याहून पेढे नेले.

बिलिंगच्या धंद्याची गोष्ट अजून सुरूच आहे. किराणा दुकानात तयार सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं, तिथे याचा टिकाव लागणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. मग तो गावाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेला. आपल्या जालन्याची सळई तिथे विकली जाते. सळईचं वजन काढायचं सूत्र तुम्हाला माहीत असेल: जाडी गुणिले जाडी, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ एमएमची १२ मीटर लांब सळई म्हणजे साधारण १०.६७ किलो. दुकानदार हे कॅल्क्युलेटरवर करतात, गर्दीत चुकतात. याने त्याचा छोटा प्रोग्रॅम केला, मोबाइलवर शेठना दाखवला. शेठनी १२ एमएम टाकलं. उत्तर आलं शून्य.

शेठ म्हणाले, "वा! मग घेऊन जा की ट्रकभर."

१४४ भागिले १६२. जाडी हा पूर्णच आकडा असतो, म्हणून त्याने ती 'इंट' घेतली होती. तीच चूक, तोच पोरगा. पण या वेळी त्याने मला फोन केला नाही. तिथेच काउंटरला टेकून, एका मिनिटात ओळ बदलली आणि फोन पुन्हा शेठपुढे धरला. शेठनी १२ टाकलं, मग ८, मग १६, प्रत्येक वेळी बाजूला कॅल्क्युलेटरवर ताळा केला, आणि विचारलं, "याचे किती घेशील?"

त्याला सांगता आलं नाही. उद्या विचारून सांगतो म्हणाला आणि निघून आला. परवा सकाळी तो माझ्याकडे येतोय, पट्टी नाही, या वेळी कोरा कागद घेऊन. आपल्या कामाची किंमत कशी लावायची, त्यावर आम्ही बसणार आहोत, आणि त्याची परवानगी मिळाली तर कॅमेरा सुरू ठेवूनच बसू.